‘पुढच्या महिन्यात बघू’ : मंदीच्या काळातल्या नेत्यांना खुलं पत्र

सत्तेत बसलेल्या, विरोधी बाकांवर बसलेल्या आणि उद्या यांपैकी कुठेतरी बसू पाहणाऱ्या सर्व नेत्यांना,

स.न.वि.वि.

मी राजकारणातली नाही. 31 वर्षं एका छोट्या कारखान्याचा जमाखर्च लिहिला, एवढीच माझी ओळख. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पन्नासच्या आत माणसं. रोजकीर्द, खतावणी, पगारपत्रक, येणी, देणी सगळं माझ्या हाताखालून जायचं. एवढ्या वर्षांत दोन मंद्या अगदी जवळून पाहिल्या. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते अर्थशास्त्र शिकलेल्या बाईचं लिहिणं समजू नका. पैसा कधी थांबतो आणि कधी पुन्हा हलायला लागतो, हे रोज वहीत बघणाऱ्या बाईचं आहे.

माझं मागणं एकच आहे. दिवस वाईट असतील तेव्हा आम्हाला आशा द्या.

अडचणीतला माणूस सरकारकडे काम मागतो, कर्जफेडीला मुदत मागतो, करात सूट मागतो. ती मागणी रास्तच आहे आणि त्यातलं काहीही मला कमी करायचं नाही. पण मुदत बँकही देऊ शकते आणि काम एखादा कारखानदारही देऊ शकतो. ‘आपण सगळे यातून बाहेर पडणार आहोत आणि ते असं’ हे साऱ्या देशाला एका वेळी ऐकू जाईल अशा आवाजात सांगणं मात्र फक्त तुम्हालाच जमतं. दुसऱ्या कोणाकडे तो माइक नाही.

मंदीचे आकडे जाहीर व्हायला काही महिने लागतात. आमच्या ऑफिसात ती त्याआधीच फोनवरून यायची. ज्या गिऱ्हाइकाची ऑर्डर दर महिन्याला ठरलेली, तो म्हणायचा, “रद्द करत नाही हो, पुढच्या महिन्यात बघू.” आवाजात राग नाही, तक्रार नाही. त्याचा धंदा बुडालेला नसायचा, बँकेत पैसेही असायचे. फक्त पुढचं दिसत नसायचं. मग आमचे मालक पोलादाच्या व्यापाऱ्याला फोन करून सांगायचे, “पुढच्या महिन्यात बघू.” संध्याकाळी एखादा फिटर घरी जाऊन बायकोला तेच सांगत असणार. दोन आठवड्यांत हा एकच शब्द कुठून कुठे पोचायचा! कोणाचंही दिवाळं निघालेलं नसताना सगळ्यांचं काम थांबलेलं असायचं.

हातचे पैसे जपून ठेवणारा प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणाच असतो. पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, त्यामुळे सगळे एकदम शहाणे झाले की सगळ्यांचीच मिळकत आटते. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1930च्या दशकात हेच परोपरीने सांगितलं. 1948 साली रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने एका बँकेची कल्पना करून ते आणखी सोपं केलं. बँक धडधाकट आहे, पण ती बुडणार अशी आवई उठते, लोक पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखरच बुडते. आवई खोटी होती, पण लोकांनी ती खरी मानली आणि खरी करून दाखवली. बँका अशा का कोसळतात आणि त्यांना कसं सावरता येतं, या अभ्यासासाठी 2022 चं अर्थशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. म्हणजे हे भाबड्या लोकांचं बोलणं नाही. उद्याबद्दल लोकांना काय वाटतं हा अर्थव्यवस्थेचाच एक भाग आहे, विजेसारखा किंवा रस्त्यांसारखा.

आमच्या शेडमध्ये जुना लेथ, म्हणजे धातू कापून घडवायचं अवजड यंत्र, जागेवरून सरकवायचा असला की आठ जण लागायचे. एकट्याने कितीही जोर लावला तरी तो हलत नसे. आठ जणांनी आपापल्या वेळी जोर लावला तरीही हलत नसे. मग सुपरवायझर पुढे उभा राहून मोजायचा, आणि ‘तीन’ म्हटल्याबरोबर ते धूड हलायचं. त्याने स्वतः ढकललेलं नसायचं. पण तो नसता तर लेथ तिथेच राहिला असता.

मंदीत तुमचं काम त्या मोजणाऱ्याचं आहे.

आता आशा म्हणजे काय, याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण याच शब्दाच्या नावाखाली आम्हाला बऱ्याचदा वेगळंच काही दिलं जातं. पहिल्या मंदीत आमच्या मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं आणि हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, “काही घाबरू नका, सगळं व्यवस्थित आहे.” त्याच दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला होता. पगाराला पुरेल एवढी रोकड पाच आठवड्यांची होती. मी मागे उभी होते आणि माझी मान खाली गेली. कामगारांनी माझ्याकडे पाहिलं, हे मला आजही आठवतं. त्यांना ताळेबंद वाचता येत नव्हता, पण आठवड्यातून दोनदा येणारा ट्रक एकदाच येतो आहे हे त्यांना दिसत होतं. लेथखाली साचणारा लोखंडाचा किस पूर्वी रोज भरून न्यावा लागायचा, तेवढा साचायला आता तीन दिवस लागत होते. डोळ्यांना एक दिसतं आणि मालक दुसरंच सांगतात, मग आपल्याला न सांगण्यासारखं फारच वाईट काहीतरी असणार, असा अर्थ त्यांनी काढला. महिनाभरात लेथवर काम करणारे तीन उत्तम टर्नर सोडून गेले. पुढे ऑर्डरी आल्या तेव्हा त्या करायला हात नव्हते. मंदीने केलं नाही एवढं नुकसान त्या एका हसऱ्या वाक्याने केलं.

मालक खोटारडे नव्हते. त्यांना माणसांना धीर द्यायचा होता. तुमच्यापैकी अनेकांचंही असंच होत असेल, असं मी मानते.

हर्बर्ट हूव्हर यांचं काय झालं ते पाहा. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या उपाशी लोकांपर्यंत अन्न पोचवण्याची प्रचंड यंत्रणा उभी करणारा हा माणूस, त्याला निर्दय म्हणता येणार नाही. 1929 च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला तेव्हा ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. 1 मे 1930 रोजी त्यांनी उद्योजकांच्या सभेत सांगितलं की सगळ्यात वाईट काळ आता मागे पडला आहे याची आपल्याला खात्री आहे. खरा वाईट काळ तेव्हा पुढेच होता. 1933 पर्यंत तिथे जवळपास चारातला एक कामकरी माणूस बेकार झाला होता आणि बेघर लोकांच्या झोपड्यांच्या वस्त्यांना लोक ‘हूव्हरव्हिल’ म्हणू लागले होते. आशा द्यायला निघालेल्या माणसाचं नाव निराशेच्या वस्तीला मिळालं. हूव्हर यांनी काहीच केलं नाही असं नाही. पण समोर जे दिसत होतं त्याच्याशी त्यांचे शब्द जुळत नव्हते, आणि एकदा ते जुळले नाहीत की पुढचे खरे शब्दही ऐकायला कोणी उरत नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गोष्ट बहुतेकांना एका वाक्यापुरती माहीत असते : भीती बाळगायची तर ती फक्त भीतीचीच. 4 मार्च 1933 च्या शपथविधीच्या भाषणातलं ते वाक्य. त्याच भाषणात त्या वाक्यानंतर थोड्याच वेळाने ते असंही म्हणाले होते की या घडीचं काळंकुट्ट वास्तव फक्त मूर्ख आशावादीच नाकारेल. ही दोन वाक्यं एकाच तोंडून, एकाच भाषणात आली, हे कृपा करून लक्षात घ्या. आपण नेहमी पहिलंच उचलतो.

आणि मला तर त्या भाषणापेक्षा आठ दिवसांनंतरचं त्यांचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं. देशातली बँकव्यवस्था मोडकळीला आली होती. शपथविधीच्या दिवशी पहाटेच न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांत बँका बंद ठेवण्याचा हुकूम निघाला होता. 6 मार्चला रूझवेल्ट यांनी देशभरच्या बँका बंद केल्या, 9 मार्चला बँकांसाठी कायदा करून घेतला आणि 12 मार्चला, रविवारी रात्री, रेडिओवरून लोकांशी बोलले. मला काही मिनिटं तुमच्याशी बँकेच्या व्यवहाराबद्दल बोलायचं आहे, अशी सुरुवात. मग सावकाश, घरात बसून सांगावं तसं समजावलं : तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, बँक तो कर्जाऊ देते, रोख्यांत गुंतवते. म्हणून सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगल्या बँकेलाही तो देता येत नाही. उद्या कोणत्या शहरांतल्या बँका उघडतील, परवा कोणत्या, तेही सांगितलं. उघडलेल्या बँकेत पैसे ठेवणं हे गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे, असा भरवसा दिला. आणि याच बोलण्यात हेही स्पष्ट सांगितलं की प्रत्येक बँक पुन्हा उघडेल असं वचन मी देत नाही, कोणाचंच नुकसान होणार नाही असंही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या तेव्हा लोक पैसे परत भरायला आले. घरात दडवून ठेवलेल्या रोकडीतली निम्म्याहून जास्त दोन आठवड्यांत बँकांत परतली. 15 मार्चला शेअर बाजार उघडला आणि डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 15 टक्क्यांहून जास्त चढला. त्या आठवड्यात एकही नवा कारखाना उभा राहिला नव्हता. माणसं तीच होती आणि नोटाही त्याच होत्या. मात्र भाषणामागे कायदा होता, बँकांची तपासणी चालू होती आणि 1 जानेवारी 1934 पासून ठेवींना विम्याचं संरक्षणही मिळालं. शब्द पुढे गेले आणि काम मागोमाग पोचलं.

हिशेब लिहिणारी म्हणून मला यातली एक गोष्ट फार भावते. त्यांनी लोकांना बँकेचा ताळेबंद समजावून सांगितला. सामान्य माणसाला हे कळणार नाही, त्याला नुसता धीर द्यावा, असं त्यांनी मानलं नाही. तुम्ही आम्हाला समजावून सांगता तेव्हा आम्ही मोठे आहोत असं मानता. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणता तेव्हा आम्हाला लहान मूल समजता.

विरोधी बाकांवरच्यांसाठीही याच गोष्टीत एक भाग आहे, आणि तो रूझवेल्ट यांच्या विरोधात जाणारा आहे. नोव्हेंबर 1932 मध्ये ते निवडून आले. सत्ता हाती यायला मार्च उजाडला. या चार महिन्यांत बँका पटापट कोसळत होत्या. फेब्रुवारीत हूव्हर यांनी त्यांना पत्र पाठवून विनंती केली की लोकांना धीर येईल असं काहीतरी जाहीरपणे बोला. रूझवेल्ट बोलले नाहीत. हूव्हर यांच्या धोरणांना बांधून घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि राजकारण म्हणून ते बरोबरही असेल. पण त्या आठवड्यांत ज्यांची आयुष्यभराची ठेव बुडाली त्यांना या बरोबरपणाचा काय उपयोग झाला? सरकारला जाब विचारणं हे तुमचं कामच आहे. ते करा, जोराने करा. फक्त ‘सरकार चुकतंय’ आणि ‘देश बुडाला’ या दोन वाक्यांतलं अंतर सांभाळा. पहिलं ऐकून आम्ही विचार करतो. दुसरं ऐकून आम्ही पैसे काढायला जातो.

वचन मोडणाऱ्यांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, लिहितानाही त्रास होतो. 1997 च्या जूनअखेरीला थायलंडच्या पंतप्रधानांनी देशाला सांगितलं की चलनाचं अवमूल्यन होणार नाही. 2 जुलैला बाथ हे तिथलं चलन मोकळं सोडावं लागलं आणि ते घसरत गेलं. अर्जेंटिनात 2001 च्या डिसेंबरात खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आली. 2002 च्या सुरुवातीला नवे अध्यक्ष एदुआर्दो दुहाल्दे यांनी शब्द दिला की ज्यांनी डॉलर ठेवले त्यांना डॉलरच मिळतील. काही आठवड्यांतच त्या ठेवी पेसो या तिथल्या चलनात बदलल्या गेल्या, तेही बाजारभावापेक्षा कमी दराने. असा शब्द मोडला की तो एका नेत्यापुरता मोडत नाही. त्याच्या खुर्चीवर पुढे जो बसेल, त्याच्याही तोंडचा शब्द मोडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो बुडीत खात्यात जातो, आणि वसूल व्हायला पिढी लागते.

आणखी एक चूक मला वेगळी सांगायची आहे, कारण ती वरवर आशेसारखी दिसते. ती म्हणजे लोकांच्या खचलेल्या मनाला दोष देणं. 2007 मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी अर्थव्यवस्थेबद्दल कुरकुर करणाऱ्यांविषयी इतके कठोर शब्द काढले की त्यांना माफी मागावी लागली. पुढच्याच वर्षी त्या देशातल्या बँका डळमळल्या आणि 2010 मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. कुरकुर करणाऱ्यांचं ऐकलं असतं तर? अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचं 15 जुलै 1979 चं भाषण तर मनापासूनचं होतं. देशाचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, असं ते कळवळून म्हणाले. लोकांना ते सुरुवातीला आवडलंही. पण दोनच दिवसांत त्यांनी साऱ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि लोकांना वाटलं, गाडी चालवणाऱ्यालाच रस्ता माहीत नाही. दुखणं अचूक सांगणारा डॉक्टर चांगलाच, पण औषधाची चिठ्ठी न लिहिता तो उठून गेला तर रोगी आणखी घाबरतो.

चांगलीही उदाहरणं आहेत, म्हणून तर हे पत्र लिहायचं धाडस होतं आहे. 24 जुलै 1991 रोजी भारताचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग संसदेत अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं होतं. पुढची वाट लांबची आणि कष्टाची आहे, अडचणी मी कमी लेखत नाही, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. आणि शेवटी फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचा आधार घेऊन म्हणाले की जिची वेळ आली आहे अशा कल्पनेला कोणी थोपवू शकत नाही, आणि भारत जगातली मोठी आर्थिक शक्ती होणं ही तशीच एक कल्पना आहे. सोनं गहाण असताना हे बोलायला छाती लागते. पण ते पोकळ वाटलं नाही, कारण त्याआधीची कितीतरी पानं नेमकं काय करणार याचीच होती.

2012 च्या जुलैत स्पेनला दहा वर्षांच्या कर्जासाठी 7 टक्क्यांहून जास्त व्याज मोजावं लागत होतं आणि युरो टिकतो की नाही अशी शंका उघडपणे बोलली जात होती. 26 जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारिओ द्रागी म्हणाले की युरो वाचवण्यासाठी, अधिकाराच्या चौकटीत राहून, लागेल ते सगळं करू, आणि ते पुरेसं ठरेल. सप्टेंबरात अडचणीतल्या देशांचे सरकारी रोखे खरेदी करण्याची योजना जाहीर झाली. त्या योजनेखाली एकही रोखा विकत घ्यावा लागला नाही. व्याजदर उतरले. द्रागी राजकीय नेते नव्हते, पण ते बोलले तसं बोलायला नेता असावं लागतं. त्यांच्यामागे खरोखरची तिजोरी होती, ही गोष्ट मात्र विसरून चालणार नाही.

शब्दांची मर्यादाही मला माहीत आहे. अमेरिकेत निवडणुकीचा निकाल लागला की जिंकलेल्या पक्षाचे समर्थक एका रात्रीत अर्थव्यवस्थेबद्दल आशावादी होतात आणि हरलेले निराश. पाहण्यांमध्ये हा फरक ठळक दिसतो. पण अभ्यासकांनी त्याच लोकांचा प्रत्यक्ष खर्च तपासला तेव्हा त्यात तेवढा फरक आढळला नाही. म्हणजे आपला माणूस जिंकला म्हणून आलेली उमेद तोंडावर दिसते, पाकिटापर्यंत पोचत नाही. पाकीट उघडायला माणसाला आपल्या नोकरीबद्दल, आपल्या पगाराबद्दल काहीतरी पक्कं कळावं लागतं. तुम्ही फक्त आपल्या समर्थकांशी बोललात तर टाळ्या मिळतील आणि बाजार तसाच पडून राहील. ज्याने तुम्हाला मत दिलं नाही त्याचाही ‘बघू’ थांबला पाहिजे.

नोकरी गेलेल्या माणसाला मात्र ‘आशा सोडू नका’ असं माइकवरून सांगू नका. त्याला आधी भत्ता द्या, प्रशिक्षण द्या, मुलांच्या शिक्षणाची हमी द्या. आशा त्याला त्या कागदातून कळेल.

आणि ज्यांची अजून सुरुवातच व्हायची आहे, त्यांची मला सगळ्यात जास्त चिंता वाटते. मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांची मिळकत पुढची दहा वर्षंसुद्धा इतरांपेक्षा मागे राहते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या आयुष्यात वाईट काळ पाहिलेली माणसं पुढे धोका पत्करायला कचरतात, हेही दिसलं आहे. बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आज तुमचं भाषण ऐकते तेव्हा पुढच्या तिमाहीचा वाढीचा दर तिच्या कानात शिरत नाही. या देशात आपल्याला जागा आहे का, धंदा सुरू करावा का, शिकत राहावं का, की मिळेल ते धरून बसावं, याचं उत्तर ती तुमच्या आवाजात शोधत असते. त्या उत्तराची नोंद कुठल्याही अर्थसंकल्पात होत नाही. तिच्या तीस-चाळीस वर्षांच्या कमाईत होते.

तर आमच्या कारखान्याची गोष्ट पुरी करते.

दुसरी मंदी पहिलीपेक्षा वाईट होती. या वेळी मालकांनी आदल्या रात्री मला थांबवून घेतलं. रोकड किती, हातातल्या ऑर्डरी किती, येणं किती आणि त्यातलं खरोखर येणारं किती, सगळं पुन्हा पुन्हा मोजायला लावलं. सकाळी शेडच्या दाराशी फळा लावला आणि स्वतः खडूने तीन आकडे लिहिले. मग म्हणाले, “कोणालाच काढावं लागणार नाही असं वचन मी देत नाही. पुढचे दहा आठवडे पगार वेळेवर होईल, हे वचन देतो. माझा पगार आजपासून बंद. दर सोमवारी हा फळा बदलेल, चांगला असो की वाईट.” आणि मग, आपण यातून निघू असं त्यांना का वाटतं, ते सांगितलं. दोन जुनी गिऱ्हाइकं कोणत्या नव्या भागाचं ड्रॉइंग पाठवणार आहेत, त्यासाठी कोणतं यंत्र आपल्याकडे आधीच आहे, कोण काय शिकून घेईल. आवाज थोडा कापत होता. यावेळी माझी मान खाली गेली नाही.

पुढच्या चार सोमवारी आकडे उतरले. त्यांनी ते तसेच लिहिले. पाचव्या सोमवारी त्यांना बरं नव्हतं, तरी फक्त फळा लिहिण्यापुरते येऊन गेले. कामगार कामावर येताना थांबून ते आकडे वाचायचे, एक जण तर दर सोमवारी पाकिटाच्या पाठीवर उतरवून घ्यायचा. त्या सगळ्या काळात एकही माणूस सोडून गेला नाही. दोघांनी आपण होऊन सांगितलं की आम्ही आळीपाळीने बिनपगारी रजा घेतो.

मंदीत उचल मागायला कोणी येत नसे. लोकांना वाटतं अडचणीत उचल वाढते. खऱ्या भीतीत ती थांबते, कारण परत फेडता येईल याचाच भरवसा नसतो. माझ्या टेबलावरचा उचलीचा गठ्ठा कित्येक आठवडे जागचा हलला नव्हता. सहाव्या सोमवारी दुपारी एक फिटर भीत भीत दाराशी आला. मुलाला सायकल घ्यायची होती, वर्षभर तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत आला होता. मी अर्ज पुढे सरकवला, त्याने सही केली, चार हप्त्यांत फेडीन म्हणाला. तो गेल्यावर मी मुद्दाम उठून दाराशी जाऊन फळा पाहिला. त्या आठवड्यातही आकडा वाढलेला नव्हता.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस